पाव्हणे निघालेत

हॉस्पिटलमधल्या माणसाचा लेख आहे म्हटल्यावर तुम्ही जरा सरसावून बसला असाल. आता सायरन वाजणार, स्ट्रेचर धावणार, डॉक्टर थिएटरच्या दारात येऊन चष्मा काढणार आणि बाहेर कुणीतरी भिंतीला टेकून मटकन खाली बसणार. माफ करा. या लेखात माणसं हात धुतात. कधीकधी धूत नाहीत. एवढंच घडतं. ऑपरेशन थिएटर आहे, पण ते शेवटी येतं आणि मी आत जात नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी सरळ राशिभविष्याचं पान काढावं. तिथं तुमच्या राशीला ‘प्रकृती सांभाळा’ असं लिहिलेलं असणारच. मीही तेच सांगतोय, फक्त लांबवून.

मी प्रफुल्ल. पुसदचा. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात. वयानं माझ्या दुप्पट असलेली माणसंही ‘ओ ब्रदर’ करतात, त्यामुळे आईला वाटतं पोराला पुण्यात भलताच मान आहे. काम एका वाक्यात सांगायचं तर दुसऱ्यांनी हात धुतले का ते बघायचं आणि कागदावर टिक करायची. लग्नाच्या स्थळांना हे सांगायची सोय नाही. एका मुलीच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बरं, आणि बाकीचा वेळ?’’

पण काम साधं नाही. जंतूला पाय नसतात. त्याला एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जायचं तर रिक्षा लागते, आणि ती रिक्षा म्हणजे आमचा हात. नाही म्हणत नाही, मीटर टाकत नाही, थेट दारात सोडते. म्हणून पेशंटला हात लावायच्या आधी धुवा, लावल्यावर धुवा, सुई-नळीच्या कामाआधी धुवा, रक्तबिक्त लागलं की धुवा. हे चार सगळ्यांना पाठ. पाचवा सगळे विसरतात. पेशंटला शिवलाच नाहीत, नुसती चादर सरळ केली, कॉटचा दांडा धरला, मशीनचं बटण दाबलं, तरी धुवा. धुवा म्हणजे दर वेळी बेसिन गाठायला नको. कॉटच्या पायथ्याशी हँडरबची, म्हणजे सॅनिटायझरची, बाटली असते, ते नीट चोळलं तरी पुष्कळदा भागतं. तेवढंही होत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘अरे, मी काही केलंच नाही!’’ आणि ग्लोव्हज घातलेल्या माणसाशी तर बोलूच नये. त्याला वाटतं आपण आता देवमाणूस झालो. त्याच ग्लोव्हजनी तो फोन घेतो, पेन घेतो आणि नाकही खाजवतो.

ही नोकरी मला नकलेमुळे मिळाली. शाळेत मी हेडसरांची नक्कल करायचो आणि त्याबद्दल हेडसरांच्या हातचा मारही खायचो, दोन्ही मन लावून. इथं वॉर्डात स्टाफ नर्स होतो तेव्हा एका गॅदरिंगला मी तोंडातून शब्द न काढता नुसत्या हातांच्या नकला केल्या. कोण कसे हात धुतं, एवढंच. एक डॉक्टर पाण्याखाली हात धरतात, जसा काही प्रसाद मिळणार आहे. एक टेक्निशियन हात धुऊन पँटला पुसतो, पुढून आणि मागून. नाव घ्यायच्या आधीच लोक ओरडत होते, ‘‘अरे, हा तर अमुक!’’ पहिल्या रांगेत आमच्या मेट्रन मॅडम बसल्या होत्या. हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाल्या, ‘‘अहो प्रफुल्ल, एवीतेवी लोकांचे हात बघताच आहात. पगार घेऊन बघा.’’

मेट्रन मॅडम म्हणजे सगळ्या नर्सिंग स्टाफच्या प्रमुख. कसबा पेठेत राहतात, रोज चालत येतात, आणि वाटेतल्या खड्ड्यांनाही बहुतेक ‘अहो’ म्हणत असाव्यात. आवाज कधी चढत नाही. एक वाक्य बोलतात, थांबतात, तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘कळलं ना? नाही, कळलं असेल, तरी परत सांगते.’’ ही नक्कल मी गॅदरिंगला केली नव्हती. घरी आरशासमोर मात्र करून ठेवली होती. चांगला आवाज सापडला की मला तो वाया घालवता येत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नग भेटली. सर्जरीचे एक मोठे डॉक्टर हात असे धुवायचे की व्हिडिओ काढून शिकवायला वापरावा. बोटांच्या मध्ये, अंगठे, नखं, सगळं. आणि मग त्याच हातांनी खिशातून मोबाईल काढायचे. मी त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल करून दाखवली. बघत राहिले. ‘‘मी असं करतो?’’ दुसऱ्या दिवसापासून मोबाईल ज्युनिअरच्या हातात. सरांचे हात सुटले, पोराचे अडकले. आणखी एका वॉर्डात हँडरब किती खपतं ते आम्ही मोजायला लागल्यावर खप एकदम दुप्पट झाला. मी खूश. मग बेसिनपाशी वास आला. पोरी महिनाअखेर बाटल्या बेसिनमध्ये ओतत होत्या. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘या वॉर्डातील बेसिनला इन्फेक्शनचा कोणताही धोका नाही.’

एवढं असूनही माझ्या कागदावर सगळं छान दिसत होतं. मी ज्या वॉर्डात जाईन तिथं सगळे हात चोळत उभे. पंगत बसायच्या आधी वाढपी उभे असतात ना, तसे. आणि तरी इन्फेक्शन कमी होत नव्हतं. सगळ्यात जास्त डोकं खात होतं डायलिसिस युनिट.

तिथं लताताई भेटल्या. वाघोलीत कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवायच्या. किडन्या गेल्या. हाताला केलेली शिरेची जोडणी बंद पडली, म्हणून मानेत नळी घातलेली. आठवड्यातून तीनदा यायचं, चार-चार तास मशीनला जोडून पडायचं. धाकटा भाऊ हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा, तो किडनी देणार होता. सगळ्या तपासण्या, परवानग्या झालेल्या. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा हुकली. दोन्ही वेळा तेच झालं. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले, हुडहुडी भरून ताप आला, नळी बदलावी लागली. आता तिसरी तारीख होती, सहा आठवड्यांनंतरची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नळी घालायला आता चांगल्या जागा फारशा उरल्या नाहीत. या सहा आठवड्यांत ताप यायला नको.

मी युनिटमध्ये कागद घेऊन उभा होतो तेव्हा त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

‘‘ब्रदर, रोज येत जा की रं.’’

‘‘का हो ताई?’’

‘‘तू आलास की समदी हात धुत्यात. तू गेलास की न्हाई.’’

‘‘असं कसं? मी तर न सांगता येतो.’’

‘‘न सांगता कुठला! आधी फोन येतोय. त्यो वाजला की सिस्टर म्हणती, पाव्हणे आले. की मग पळापळ.’’ मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, ‘‘माजं नाव सांगू नगंस. ह्यांच्याच हाती माजी मान हाय. पण बाळा, आता मला ताप यायला नगं. भावाची दोनदा रजा काढून झाली.’’

मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. सहा महिने मी जे टिपून ठेवलं होतं ते हात धुणं नव्हतंच, तो माझा सत्कार होता.

फोन कुणाचा ते शोधायला दोन दिवस लागले. लिफ्टचे शिंदेमामा. मी लिफ्टमध्ये शिरून मजला सांगितला की मला वर सोडून मामा तिथल्या टेबलावरचा इंटरकॉम उचलायचे, आणि मी हातात कागद, डोळ्यांत कर्तव्य घेऊन कॉरिडॉर पार करेपर्यंत निरोप पोचायचा, ‘‘पाव्हणे निघालेत, पाव्हणे!’’ सगळ्या वॉर्डांशी त्यांचा असा घरोबा होता. बदल्यात चहा.

सरळमार्गी माणसानं यावर तक्रार केली असती. मी विचार केला, की लोक माझ्यामुळे हात धूतच नाहीत, मामांच्या फोनमुळे धुतात. मग मी कशाला जाऊ? फोनच जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या माझ्या खोलीचं दार लावलं, गालात थोडी तंबाखू असल्यासारखा मामांचा आवाज काढला आणि डायलिसिसला फोन लावला. ‘‘आवं, पाव्हणे निघालेत, पाव्हणे!’’ पलीकडून ‘‘हो मामा!’’ आणि मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज. मी टेबलाशी बसून पोहे खात होतो आणि वर पाच जण हात धूत होते. नोकरीत इतकं समाधान मला आधी कधीच मिळालं नव्हतं.

दिवसातून तीन-चार वेळा. कधी पेशंट मशीनला जोडायच्या वेळी, कधी सोडवायच्या वेळी, कारण नळीला हात लागतो तो तेव्हा. पण नुसताच फोन गेला आणि पाव्हणे आलेच नाहीत तर लोक दोन दिवसांत हुशार होतात. म्हणून मी कधी फोन करून जायचो, कधी करून जायचो नाही, कधी न करता जिन्यानं जायचो. मामांचे खरे फोनही चालू होतेच. युनिटचा पार गोंधळ उडाला. पाव्हणे येणार की नाही हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा हात धुऊन ठेवलेले बरे, असं ठरलं. लताताईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण दारातून गेलो की त्या पांघरुणाखालून अंगठा वर करायच्या.

फक्त एक हात वळणावर येत नव्हता. युनिटच्या इन्चार्ज जयश्री सिस्टर. हँडरब घ्यायच्या ते चिमूटभर, जेवताना मीठ घ्यावं तसं, आणि बोटांची टोकं एकमेकांना लावून सोडून द्यायच्या. मी कॅन्टीनमध्ये याची नक्कल केली. सगळी टेबलं हसली. जयश्री सिस्टरही हसल्या, हात टेबलाखाली घेऊन.

ते टेबलाखालचे हात मला नंतर आठवले. नीट चोळायचं कसं ते दाखवायला मी त्यांचे हात पुढं करायला सांगितले तर त्या करेनात. शेवटी केले. बोटांच्या पेरांवर चिरा, दोन ठिकाणी रक्त साकळलेलं. अशा हातावर हँडरब म्हणजे जखमेवर लिंबू. त्या म्हणाल्या, ‘‘नक्कल चांगली जमली तुला. फक्त झोंबत होतं, ते नाही आलं त्यात.’’

मी आजवर हजारभर हात बघितले असतील, पण त्या दिवसापर्यंत फक्त हालचाल बघत होतो. ‘नाही’ म्हणून किती फुल्या मारल्या होत्या त्यांच्या नावावर! त्याच दिवशी त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, मेट्रन मॅडमची सही घेऊन साधं, न झोंबणारं हँडरब मागवलं आणि हाताला लावायचं क्रीम आणलं. चिरा भरेपर्यंत नळीचं काम दुसऱ्या सिस्टर करायच्या. मी कॅन्टीनमध्ये त्याच टेबलापाशी उभं राहून सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘‘बस आता, चहा पाज.’’ पुढं हात बरे झाल्यावर युनिटमध्ये माझ्यापेक्षा जास्त दहशत त्यांची झाली. कुणी तसाच कॉटकडे निघाला की नुसतं ‘‘हं?’’ म्हणायच्या.

पाच आठवडे निघाले. ताप नाही. आणि नेमके शेवटच्या आठवड्यात शिंदेमामा भाचीच्या लग्नाला गावी गेले. लिफ्टमध्ये दुसराच माणूस. आता मामांच्या आवाजात फोन केला असता तर पकडला गेलो असतो. न करावा तर ऑपरेशन सहा दिवसांवर. सवय लागली आहे असं मला वाटत होतं, पण लताताईंच्या मानेवर मी पैज लावणार नव्हतो.

मग मी आरशासमोरचा आवाज बाहेर काढला.

पहिल्या दिवशी दाराला आतून कडी लावली. ‘‘मी बोलतेय. हात धुतले का सगळ्यांनी? कळलं ना? नाही, कळलं असेल, तरी परत सांगते.’’ पलीकडून एकदम शाळा भरल्यासारखं ‘‘हो मॅडम!’’ दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी फोन कुणी उचलला ते कळेना. मी सगळं वाक्य म्हटलं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग अगदी बारीक आवाजात ‘‘हो मॅडम.’’ फोन खाली ठेवल्याचाही आवाज आला नाही, बाजूला ठेवला असावा. मग नळ सुरू झाला आणि चांगला वेळ चालू राहिला. मला वाटलं ट्रेनिंगची नवी पोरगी असणार, बिचारी घाबरली. घाबरू दे, नीट धुतेय तरी.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी कामात अडकलो आणि फोन करायचा राहूनच गेला. दुपारी आठवण झाली तसा जिने चढत पळत गेलो. लताताईंना मशीनवरून सोडवून झालं होतं, त्या चप्पल घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘आज फोन न्हाई आला. तूबी न्हाई आलास.’’

मी त्यांचा तापाचा कागद शोधायला लागलो.

‘‘तरी समद्यांनी धुतले. मी बगत हुते की. त्यो नवा पोरगा इसरला तर जयश्री सिस्टरनं त्याला हितनं त्या बेसिनपतुर नेला, कानाला धरून.’’

काचेपलीकडे तो पोरगा अजूनही हात चोळत होता. कुणी बघत नव्हतं. म्हणजे मी बघत होतो, पण त्याला माहीत नव्हतं. या धंद्यात यापेक्षा सुंदर काही दिसत नाही.

तिसरी तारीख हुकली नाही. भाऊ-बहीण एकाच सकाळी आत गेले. सांगितल्याप्रमाणे मी आत गेलो नाही, डायलिसिस युनिटमध्येच बसलो, कारण सगळे तिथंच घुटमळत होते. संध्याकाळी वरून फोन आला. सगळ्यांनी एकदम फोनकडे बघितलं आणि सवयीनं चार जणांनी हँडरब घेतलं. जयश्री सिस्टरनी फोन उचलला, ऐकला आणि म्हणाल्या, ‘‘किडनी चालू झाली. लघवी झाली.’’ लघवी या शब्दावर माणसं टाळ्या वाजवतात, एकमेकांना मिठ्या मारतात, अशी जागा मी तरी दुसरी बघितलेली नाही. युनिटनं रात्रीच्या ड्यूटीवाल्यांना पेढे वाटले, आधी हात दाखवायला लावून. लताताई काही दिवसांनी घरी गेल्या. आता खानावळीच्या दारात त्यांनी पोरांसाठी बेसिन बसवलंय, आणि समोर स्वतः खुर्ची टाकून बसतात.

पेढ्यांच्या दुसऱ्याच दिवशी मेट्रन मॅडमनी बोलावलं. मला वाटलं कौतुक. केस विंचरून गेलो.

‘‘बसू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या आवाजात फोन आपण करत होतात.’’

मी तोंड उघडलं.

‘‘उत्तर नकोय, मी विचारलेलं नाही. अहो, हे हॉस्पिटल आहे. इथल्या फोनवर लोक धावतात. उद्या मी खरंच एखाद्या वॉर्डला फोन केला, की पेशंट बिघडतोय, औषध थांबवा, आणि पलीकडची मुलगी म्हणाली की हा तर प्रफुल्लच असेल, तर? तो पेशंट आपण आपल्या गॅदरिंगला दाखवणार?’’

हे मला खरंच सुचलं नव्हतं. मान खाली गेली ती वर येईना.

‘‘शिंदेमामा काल परत आले. त्यांना मी त्यांच्या पाव्हण्यांबद्दल वेगळं बोलले आहे. आपण सगळ्या वॉर्डांत जाऊन सांगायचं, की ते फोन आपण केले होते, आणि यापुढं माझा आवाज आला तर तो माझाच असेल. प्रत्येक वॉर्डात. जिन्यानं. कळलं ना? नाही, कळलं असेल, तरी परत सांगते.’’

परत सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मग थांबल्या. मला वाटलं संपलं.

‘‘तिसऱ्या दिवशी डायलिसिसमध्ये फोन मी उचलला होता.’’

मला आधी अर्थच लागेना.

‘‘राउंडला गेले होते. लताताईंची चादर सरळ केली, आणि तशीच पुढच्या कॉटकडे निघाले होते. तेवढ्यात फोन वाजला.’’ मॅडम टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. ‘‘तीस वर्षं नोकरी झाली माझी. पाचवा मीच शिकवते सगळ्यांना. आणि माझाच आवाज मला विचारतोय, हात धुतले का.’’

नळ बराच वेळ चालू होता, ते मला आठवलं.

‘‘म्हणून ऑपरेशन होईपर्यंत थांबले. म्हणून आपण आज नोकरीवर आहात. पण एकदाच. पुन्हा माझा आवाज माझ्या तोंडाबाहेर कुठं ऐकू आला, तर पुसदची बस मी स्वतः स्वारगेटला येऊन गाठून देईन. निघा.’’

‘‘हो मॅडम,’’ मी म्हणालो. ते अगदी बारीक आवाजात निघालं. त्या दिवशी फोनवर ऐकलं होतं, हुबेहूब तसंच.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘‘आत्ताच काय सांगितलं मी? नकला बंद!’’

देवाशपथ सांगतो, ती नक्कल नव्हती.